आधी तुम्ही उतरा

धायरीतल्या एका सोसायटीत ड्रेनेजच्या चेंबरमधून वर आलो आणि तिथंच ओकलो. आधी काळं, चहाच्या चोथ्यासारखं. मग लाल. रक्त.

चेअरमन नाकाला रुमाल लावून उभे होते. वॉचमनला म्हणाले, "पाइप आण. हे धुऊन काढ." त्यानं फरशी धुतली. मग चेअरमननी माझ्याकडं बोट केलं. वॉचमननं पाण्याची धार माझ्या अंगावर सोडली. म्हशी धुतात तशी. गॅलऱ्यांतून लोक बघत होते.

आमचा ठेकेदार, त्याला आम्ही शेठ म्हणायचो, हसत बोलला, "काय करणार साहेब, ह्या लोकांचं असंच. सकाळपासून ढोसतात."

ती क्वार्टर त्यानंच सकाळी माझ्या हातात दिली होती. रोज द्यायचा. "मार दोन घोट, वास मरतो." मरायचाही. शुद्धीत असताना त्या घाणीत गळ्यापर्यंत उतरून बघा. उपाशीपोटी दारू, वर त्याच हातानं वडापाव. वर्षानुवर्षं. पोट जळतंय म्हटलं, की शेठ म्हणायचा, "अजून दोन मार."

त्या दिवशी त्यानं मला कामावरून काढलं. का? तर दारुडा.

बायकोनं सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घशातून नळी घालून पोट आतून बघितलं. जठराचं अस्तर जुन्या सुजेनं सोललं होतं. शिवाय जंतू.

"जंतूंवर गोळ्या देतो," डॉक्टर म्हणाले. "दारू मात्र बंद."

"न पिता आत उतरू कसा?" मी विचारलं.

बायको म्हणाली, "उतरायचंच कशाला?"

हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

दारू सोडताना हात थरथरायचे, घाम फुटायचा. शेठचं ते हसू आठवायचो आणि दात आवळून पडून राहायचो. माझी दारू रागानं सुटली.

पुढं शेठ टेम्पो घेऊन वस्तीत आला. माणसं कमी पडत होती. सगळ्यांदेखत बाटली माझ्यापुढं धरली. "झालं गेलं विसर. चल."

"शेठ, आधी तुम्ही उतरा," मी म्हणालो. "ही तुम्ही प्या. वर दोरी मी धरतो."

शिव्या देत तो टेम्पोत बसला. मागं कुणी चढलं नाही.

गटारात माणूस उतरवणं कायद्यानं गुन्हा आहे, हे मला फार उशिरा कळलं. आता पोलिसांत तक्रार दिलीय. शेठवर, आणि त्या चेअरमनवरही. दोघांचे निरोप येतात, मिटवून टाकू म्हणून.

मिटवणार नाही. मला दोघांना कोर्टात उभं बघायचंय. आणि त्यांच्या तोंडावर एकेक गोष्ट सांगायचीय. शुद्धीत.