धारवाडचा सा आणि एक जाड तार

कंडक्टरनं गिटारचं वेगळं तिकीट फाडलं आणि माझ्या हातात दिलं.

"अहो, मी मांडीवर घेते की."

"मांडीवर पोर घेतात, अक्का. हे माझ्या खांद्याला लागतंय."

मागच्या सीटवरचे आजोबा पुढे वाकले. "सतार काय?"

"बास गिटार."

"तारा किती?"

"चार."

"गिटारला सहा असतात की."

"याला चारच."

"मग अर्धं तिकीट घे की रे," आजोबा कंडक्टरला म्हणाले. बस हसली. कंडक्टर हसला नाही. मी पूर्ण पैसे दिले.

निपाणी मागे पडलं होतं. कोल्हापूरहून धारवाडला लाल बसनं चार-साडेचार तास लागतात. महामार्गाचं काम ठिकठिकाणी चालू आहे, वळणरस्ते खराब आहेत, त्यामुळे अर्धा तास जास्त धरा. मोठं सामान असेल तर त्याचं तिकीट काढावं लागतं. वाद घालू नका. बेळगावला बस थांबते, तिथं चहा घ्या. कित्तूरनंतर हवा बदलते. खिडकी बंद करावीशी वाटत नाही.

मी फिरायला निघाले नव्हते. धारवाडला 'कब्बिण' नावाचा एक हेवी मेटल बँड आहे. कब्बिण म्हणजे कानडीत लोखंड. त्यांचा बास वाजवणारा नोकरीसाठी परदेशी गेला. शनिवारच्या कार्यक्रमात त्याच्या जागी मी वाजवायचं होतं. पुढच्या आठवड्यात बेंगळूरचा एक वादक येणार होता. दोघांना ऐकून एकाला कायमचं घ्यायचं, असं त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

मी पंधरा वर्षं मेटल वाजवते. पुण्यात तीन बँड झाले. पहिला लग्नांनी मोडला, दुसरा नोकऱ्यांनी. तिसऱ्यानं ध्वनिमुद्रणात माझा बास इतका खाली ठेवला की माझा मलाच तो शोधावा लागला. तो बँड मी सोडला आणि कोल्हापूरला परत आले. तिथं मुलांना युकुलेले, ती छोटीशी गिटार, शिकवते. वर्ग भरलेले असतात. मी दुसरं काही केलं नाही तर असंच चालू राहील, आणि चांगलं चालू राहील. म्हणून ही जागा मला हवी होती.

धारवाडला माळमड्डीत माझी सुमनआत्या राहते. शाळेतून निवृत्त झाली. तिनं दार उघडलं आणि आधी गिटारची पेटी पाहिली.

"अजून सुटलं नाही काय हे?"

"नाही."

"मग ये आत. भाकरी गार होतीय."

ज्वारीची पातळ भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, वर दही. गावातल्या खानावळींतही हेच ताट मिळतं, शंभर-सव्वाशेत, आणि भाकरी नको म्हणेपर्यंत वाढतात. पेढ्याबद्दल मी लिहिणार नाही. तो तुम्ही खालच.

"कुठं आहे तुमचा गोंधळ?" आत्यानं विचारलं.

"नवनगरात. मंगल कार्यालयात."

"आषाढात?"

आषाढात म्हणूनच. या महिन्यात लग्नं नसतात, कार्यालयं रिकामी पडतात, भाडं उतरतं. इकडचे बँड वर्षभर आषाढाची वाट पाहतात.

संध्याकाळी तालमीला गेले. धारवाड आणि हुबळीच्या मधोमध नवनगर आहे. दोन्ही गावांना जोडणारी, रस्त्याच्या मधल्या मार्गिकेतून धावणारी गार बस आहे. तिला चिगरी म्हणतात, म्हणजे काळवीट. तिकीट फलाटावर काढायचं. ऑटोच्या नादी लागू नका.

गायक बसवराज, सगळ्यांचा बसू. त्याच्या घराच्या माडीवर तालीम. गिटारवर विनय, ड्रमवर मेहबूब. तिघं आपसात कानडीत बोलत होते, माझ्याशी मराठीत. मी पेटी उघडली, सूर जुळवायची क्लिप काढली आणि गिटारच्या डोक्याला लावली. मेहबूबनं ती उचलून माझ्या हातात परत दिली.

"इथं याचं चालत नाही, ताई. थांबा."

कोपऱ्यात कापडाखाली तंबोरा होता. बसूनं तो उभा केला, मांडी घातली आणि जुळवत बसला. बराच वेळ. विनय फोन पाहत होता. मेहबूब खिडकीत उभा होता. कुणी घाई केली नाही. लहानपणापासून बसू शास्त्रीय गाणं शिकला आहे. किंचाळायचं तो नंतर शिकला. त्याचा सा हार्मोनियमच्या काळी एक या पट्टीवर आहे. तंबोरा लागला की सगळ्यांनी त्यावरून कानानं वाद्यं लावायची, हा या बँडचा नियम. मग तंबोरा पुन्हा कापडाखाली जातो आणि पुढचा सगळा वेळ सा धरायचं काम बासचं.

हे काम मला कधी कुणी दिलं नव्हतं. मेटलमध्ये बास हा मुख्य गिटारच्या मागे पळतो. इथं मला जागेवर उभं राहायचं होतं. पहिल्या तासात मी दोनदा नको तिथं नक्षी काढली. दोन्ही वेळा बसू गाता गाता थांबला.

"तू हललीस की मी पडतो," तो म्हणाला.

तिसऱ्यांदा मी हलले नाही.

शनिवारी सकाळी मेहबूबचा फोन आला. बसूचा गळा बसला होता. कार्यक्रम होणार होता, पण सा पूर्ण एक सूर खाली न्यायचा होता. पांढरी सात.

गाण्याच्या बैठकीत यात विशेष काही नाही. गवयाचा गळा त्या दिवशी जिथं बसेल तिथं सा. पेटीवाला पट्टी बदलतो, तबलजी तबला बदलतो, आणि गाणं सुरू होतं. धारवाडात हे रक्तात आहे. आपण गिटारवाले आहोत, आपल्या तारांना ताण लागतो, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. विनयची गिटार सात तारांची, त्याला फरक पडत नव्हता. मी आत्याच्या ओसरीवर माझी सगळ्यात जाड तार पांढरी सातपर्यंत उतरवली. ती लोंबली. छेडली तर सूर लागायच्या आधी मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर खडखडली.

"धुणं वाळत घाल त्याच्यावर," आत्या म्हणाली. मग माझा चेहरा पाहून तिनं पातेलं खाली ठेवलं. "काय पाहिजे तुला?"

"जाड तार."

"दुर्गदबैलला जा. तिथं नसेल तर कुठंच नाही."

दुर्गदबैल ही हुबळीची बाजारपेठ सकाळी अकरानंतर पायी चालायलाही अवघड होते. हातगाड्या, ऑटो, कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेली माणसं, आणि सगळ्यांना तुमच्या आधी जायचं असतं. पाठीवरचं सामान पोटावर घ्या. भूक लागली तर कोपऱ्यावर गिरमिट, म्हणजे इकडची चुरमुऱ्यांची भेळ, आणि मिरची भजी घ्या. मी घेतली नाही. घाईत होते.

वाद्यांचं दुकान कापडाच्या दोन दुकानांमध्ये अडकलेलं होतं. हार्मोनियम, ढोलक्या, टाळांच्या माळा. गल्ल्यावर घोरपडेकाका. घराणं मूळचं गडहिंग्लजकडचं, चार पिढ्या हुबळीत.

"बासची तार," मी म्हटलं.

"कुठल्या चर्चमध्ये वाजवता तुम्ही?"

"चर्चमध्ये नाही."

"मग रसमंजरीत वाजवता?" रसमंजरी म्हणजे इकडचा जत्रांमधला ऑर्केस्ट्रा.

"नाही. मेटल."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तसले लोक काळे कपडे घालतात ना? तुम्ही तर पंजाबी ड्रेसमध्ये."

"कपडे संध्याकाळी."

पाच तारांच्या बासचा एक संच त्यांच्याकडे होता. मला त्यातली फक्त पाचवी, सगळ्यात जाड, हवी होती.

"सुटी देत नाही. केळी आहेत काय?"

मी पाचही घेतल्या. ती पाचवी तार हातात घेतली तेव्हाच कळलं की एवढ्यानं भागणार नाही. गिटारच्या मानेच्या टोकाला हाडाची एक पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्या खाचांमधून तारा खुंट्यांकडे जातात. माझ्या खाचा बारीक होत्या. ही तार त्यात बसणार नव्हती. खाच रुंद करावी लागणार होती आणि एकदा कापलेलं हाड परत भरत नाही. दोन गल्ल्या पुढे लोखंडी सामानाच्या दुकानात बारीक गोल कानस मागितली.

"कुलूप उघडायचंय?" दुकानदारानं विचारलं.

"तसंच काहीसं," मी म्हटलं.

नवनगरच्या कार्यालयात पोचले तेव्हा भोजनगृह रिकामं होतं. लांबच लांब टेबलं, एकावर एक रचलेल्या खुर्च्या. मी एका टेबलावर चादर अंथरली, गिटार आडवी ठेवली आणि तारा काढल्या. विनय चहा घेऊन आला. कानस पाहून थांबला.

"हे करू नको. वरच्या सप्तकात वाजव आजच्या दिवस. निभेल."

"मग खालचा सा कोण धरणार?"

"अगं, खरं सांगू? बास कुणाला ऐकू येतो?"

हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकत आले आहे. ध्वनिमुद्रकांकडून, आयोजकांकडून, मित्रांकडून. दर वेळी मी हसून सोडलं होतं. या वेळी उत्तर देणार, तेवढ्यात मागून घोगरा आवाज आला.

"मला."

दारात बसू उभा होता. गळ्याला मफलर, हातात काढ्याचा पेला. गळ्यासाठी त्यानं सकाळपासून मौन धरलं होतं. तेवढा एक शब्द बोलून तो आत निघून गेला. विनयनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि गिटारची मान पकडायला समोर बसला.

त्या शब्दानं मला जागा मिळाली नव्हती, हे मला माहीत होतं. बेंगळूरचा वादक येणारच होता. तो निवडला गेला असता तर एका संध्याकाळसाठी कापलेलं वाद्य घेऊन मी घरी जाणार होते. ही गिटार मी पहिल्या बँडच्या दिवसांत घेतली आणि तेव्हापासून तिच्यात काहीही बदललं नाही. मी कानस खाचेवर ठेवली.

थोडं घासायचं, फुंकायचं, तार ठेवून बघायची. पुन्हा घासायचं. खाच खोल गेली तर तार पहिल्याच पट्टीवर आपटते आणि मग त्या संध्याकाळपुरतं सगळं संपतं. हाडाचा भुगा पिठासारखा चादरीवर पडत होता. विनय श्वास रोखून मान धरून होता. शेवटी तार खाचेत उतरली आणि हलेना. मी ताणली. पांढरी सात. टेबलावरचे स्टीलचे पेले वाजायला लागले.

"छलो ऐती," विनय म्हणाला. चांगलंय.

मुख्य सभागृहात वेगळाच घोळ झाला होता. धारवाडात संगीताचा कार्यक्रम म्हटल्यावर कार्यालयाच्या मालकांना बैठक सोडून दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी सगळ्या खुर्च्या उचलल्या होत्या, जाजमं अंथरली होती, लोड मांडले होते आणि दारात फलक: चपला बाहेर. पाच वाजता काळ्या कपड्यांतली पोरं आली. दारातच त्यांनी मुकाट्यानं जाड तळव्यांचे बूट उतरवले. पहिल्या ओळीत सुमनआत्या आणि तिच्या तीन मैत्रिणी, लोडाला टेकून, कानांत कापूस.

"तू सांगितलंस ना आवाज मोठा असतो म्हणून," आत्या म्हणाली. "पिशवीभर आणलाय. कुणाला पाहिजे तर सांग."

मागच्या ओळीतल्या दोन पोरांनी घेतला.

पहिलं गाणं बासनंच सुरू होतं. मी सा लावला आणि धरला. बसूचा आवाज आला, खालून, खरखरीत, पण सुरात. मेहबूबनं पहिली थाप मारली आणि दीडशे अनवाणी पाय जाजमावर उड्या मारायला लागले. धूळ उठली. मी नक्षी काढली नाही.

चौथ्या गाण्यात एक संथ जागा आहे. तिथं किंचाळणं नाही, नुसतं गाणं आहे. बसूचा आवाज तिथं फुटला. पुन्हा लावला, पुन्हा फुटला. विनयनं माझ्याकडे पाहिलं. गिटार थांबली, ड्रम थांबले. मी थांबले नाही. एकच तार, एकच सूर, पुन्हा पुन्हा. बसू चालत माझ्या स्पीकरपाशी आला, त्याच्या लाकडी खोक्यावर एक तळहात टेकला, दुसरा कानावर ठेवला आणि डोळे मिटले. जाजमावर कुणी हलत नव्हतं. मग त्यानं सा लावला. तो लागला. पुढच्या रांगेतून कुणीतरी "हां" म्हणालं. उरलेला कार्यक्रम तो तिथंच उभा राहून गायला.

संपल्यावर त्यानं मला नमस्कार केला. मेहबूब म्हणाला, "रविवारी बसून ठरवतो, ताई. वाईट वाटून घेऊ नका." मी वाईट वाटून घेतलं नाही. मला करायचं ते मी केलं होतं.

घरी जाताना आत्यानं कापूस काढला. "बाकीच्यांचं सगळं डोक्यावरून गेलं. तुझं पोटात येत होतं. डाळ पचली माझी."

रविवारी दुपारच्या बसनं परत आले. गिटारचं तिकीट न मागताच काढलं.

तुम्ही जाणार असाल तर आषाढात जा. हवा चांगली, खोल्या स्वस्त, आणि मंगल कार्यालयांच्या फलकांवर काय लिहिलंय ते बघत फिरा. दोन दिवस पुरतात. शास्त्रीय बैठका ऐकायच्या असतील तर गावात विचारा, कुणीही सांगेल. मेटल ऐकायचं असेल तर काळे कपडे घातलेल्या पोरांना विचारा. दोघं एकाच घरातले निघण्याची शक्यता बरीच आहे.

माझ्याकडे उरलं ते असं. रात्री जुनी तार नव्या खाचेत ठेवून पाहिली. ती सैल बसते, हलते, खडखडते. पुण्याहून नवा नट मागवता येतो. फार महाग नाही. मी मागवणार नाही. बेंगळूरचा वादक आला काय, न आला काय, ही गिटार आता पांढरी सातची आहे. त्या सुरासाठी माझी गरज असणारं कुणी धारवाडात नसेल तर मी दुसरीकडे शोधेन. एवढं मी बसमध्ये संकेश्वरच्या आसपास ठरवलं होतं आणि घरी येऊनही ते बदललं नाही.

सोमवारी सकाळी बसूचा फोन आला. गळा सुटला होता. बेंगळूरच्या मुलाला येऊ नको म्हणून कळवलं होतं. गुरुवारपासून तालीम, सा पांढरी सातवरच ठेवायचा. मी हो म्हटलं. मग युकुलेलेच्या वर्गातल्या पालकांना एकेक करून फोन केले आणि दुसरे शिक्षक बघा म्हणून सांगितलं.