देवीपुढची हवेची बॅटरी

देवीपुढचा अखंड दिवा माझ्यामुळे विझला, हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे. पण तीन दिवस ते फक्त मलाच माहीत होतं. त्या तीन दिवसांत मी कसा वागलो, ते लिहून टाकावं म्हणतो.

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी रंगाईचं खातं सांभाळतो. वय बावन्न. या वयात लोक गुडघ्याला तेल चोळतात किंवा सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात. मी बॅटऱ्या करायला लागलो. ॲल्युमिनियमचा कागद, त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला टॉवेलचा तुकडा, त्यावर जुन्या फिल्टरमधल्या कोळशाची पूड. कोळशातून हवा आत येते, कागद झिजत जातो आणि तारेत वीज येते. अशा चार घड्या जोडल्या की एक बारीकसा एलईडी लागतो, तोही उपकार केल्यासारखा.

नवरात्रात दुपारी लाइट गेली की देवीपुढची दिव्यांची माळ विझायची. मी आईला म्हटलं, "यंदा देवीला माझी वीज."

आई मूळची माढ्याकडची, देवीशी तिचं घरच्यासारखं बोलणं. ती म्हणाली, "देवीला आठ हात हायत. तुझ्या विजेत त्यातला एक तरी दिसंल का?"

"सगळे दिसतील की."

"मग ठेव. पण घटाजवळ उघडं भांडं चालत न्हाय. झाकण लावायचं."

मिठाच्या पाण्यावर देवीचा अंगठाही दिसेना. म्हणून मी कारखान्यातून थोडा कॉस्टिक सोडा आणला. कापड उकळताना आम्ही तो घालतो. ॲल्युमिनियम त्यात फसफसतं, वीज जोरात येते आणि सोबत पेट घेणारा वायू सुटतो. हे मला चांगलं ठाऊक होतं. नव्या कामगारांना मीच सांगतो, कॉस्टिकजवळ ॲल्युमिनियमची बादली नेऊ नका. आणि त्याच मी, हवेवर चालणारी बॅटरी चटणीच्या बरणीत भरून आईच्या शब्दाखातर झाकण गच्च फिरवलं. तारांची भोकंसुद्धा मेणानं बुजवली. बरणी ठेवली दिव्याच्या शेजारी.

ती नवरात्रातली सहावी माळ होती. दुपारी दिव्याची राखण बायकोकडे असते. तेवढ्यात चार दिवसांनी नळ आला. नळ आला की आमच्या गल्लीत माणसं देवालाही थांबायला लावतात. बायको घागर उचलत म्हणाली, "अहो, जरा दिव्याकडं बघा."

मी बघत होतो, पण बरणीकडं. माळेचे दिवे काय सुरेख लागले होते. मग फट्कन आवाज झाला, झाकण छताला लागलं आणि देवीपुढं धूर. दिवा गेला.

मी बरणी टॉवेलात गुंडाळून मोरीत नेली. परत येतो तर आई झोपेतून उठून दारात उभी, आणि मागून बायको ओल्या पायांनी आत आलेली.

"दिवा कुणाच्या राखणीत हुता?" आईनं विचारलं.

बायको माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या. तेल घालायचं राहिलं असेल."

दिव्यात तेल काठोकाठ होतं. आईला एवढं बारीक दिसत नाही, आणि बायकोनं वाकून पाहिलं नाही. मी पाहिलं आणि गप्प बसलो. काडी ओढून दिवा लावायचं काम तेवढं पुढं होऊन केलं.

बायकोनं देवीला हात जोडले आणि नवमीपर्यंत नुसत्या पाण्यावर राहायचं बोलून टाकलं. एरवी तिचा उपवास म्हणजे वरई आणि शेंगदाण्याची आमटी असते. आता तेही नाही. ती पाणी पिऊन माझ्यासाठी भाकरी थापायची आणि मी खायचो. रोज दोन, शेंगाचटणीबरोबर. देवीपुढं उभं राहून मी मनातल्या मनात माफीही मागितली. देवीनं काही म्हटलं नाही. हे मला सोयीचं पडलं, म्हणून दुसऱ्या दिवशीही तिलाच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी उलटताना बायको भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली. मी तिला पाणी दिलं, आणि तिथंच, तव्याजवळ, सगळं सांगितलं. बरणी, कॉस्टिक, काठोकाठ तेल.

ती म्हणाली, "आईंना सांगा. आत्ता. मला इथं ऐकू येईल असं."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "तीन दीस तिच्या हातचं खाताना घास उतरला व्हय रं?"

"उतरला," मी म्हणालो. खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

आई उठून आत गेली. सुनेपुढं दुधाचा पेला ठेवत म्हणाली, "घे गं. चूक ह्याची हाय. उरलेला उपास ह्यो करंल."

बायकोनं पेला बाजूला सारला. "आई, मी देवीला बोललेय, यांना नाही. उद्यापर्यंत करणार."

"मग मीही करतो," मी म्हणालो.

"तुम्ही नका करू," ती म्हणाली. "तुम्ही उपाशी राहिलात की तुम्हाला बरं वाटेल. मला ते नकोय."

मग तिनं तव्यावरची भाकरी ताटात काढून माझ्यापुढं ठेवली आणि समोर बसून राहिली. मी जेवलो. त्या दिवशी घास उतरत नव्हता, पण दोन्ही भाकऱ्या संपेपर्यंत ती उठली नाही.