भाजी घेतली तर साडेसहा

रोज घराबाहेर पडण्याआधी आत्या फ्रिजवर चिठ्ठी लावायची: ‘इस्पितळ, कपड्यांची खोली. परत सहा दहा. भाजी घेतली तर साडेसहा.’ मग गळ्यातली शिट्टी स्वेटरच्या आत सरकवायची आणि निघायची.

दोन्ही गोष्टी भटकंतीच्या पुस्तकांतल्या. रानात शिरणाऱ्यानं कुठे जातोय, कधी परतणार हे मागे कुणाला तरी सांगून जावं. आत्याचं रान म्हणजे इस्पितळाचं तळघर. एकतीस वर्षं ती तिथे फाटक्या चादरी शिवत, डॉक्टरांच्या कोटांना बटणं लावत बसली. खिडकी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत शिवणयंत्रावर पुस्तक टेकवून ती ओल्या लाकडांचा जाळ करायची, वाट चुकलेल्यांबरोबर ओढ्याच्या कडेकडेनं खाली उतरायची. वाचनालयातल्या बाई तिला ‘जंगलताई’ म्हणत आणि भटकंतीचं नवं पुस्तक आलं की तिच्यासाठी काउंटरखाली दडवून ठेवत.

प्रत्यक्षात ती कधी टेकडीसुद्धा चढली नाही.

‘‘एकदा जाऊन तरी ये, ताई,’’ बाबा म्हणायचे. ते तिचे धाकटे भाऊ, चिडवायचा हक्क त्यांचाच.

‘‘नको रे. डास असतात.’’

नोकरी संपली आणि आत्याचे शब्द निसटू लागले. किल्लीला ती कात्री म्हणे. दूध चारदा उतू गेलं. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन आजाराचं नाव सांगितलं. बाबांनी ठरवलं, आता हिला एकटीला बाहेर सोडायचं नाही. आत्याला मात्र वाचनालयात एकटीनंच जायचं होतं.

‘‘कुलूप लावीन हं.’’

‘‘मी खिडकीतून जाईन.’’

‘‘तिसरा मजला आहे, ताई!’’

‘‘असू दे. चादरींना गाठी मारता येतात मला.’’

एकदा साडेसहा वाजून गेले, सात वाजले. चिठ्ठीवर ‘वाचनालय’ होतं, पण वाचनालय केव्हाच बंद झालेलं. बाबा आणि मी निघालो. बाबा प्रत्येक दुकानात विचारत होते. एका गल्लीतून शिट्टी ऐकू येत होती. ‘‘शाळेच्या मैदानावर खेळ चाललाय,’’ म्हणत बाबा त्या गल्लीच्या तोंडावरून दोनदा पुढे गेले.

‘‘बाबा, आज शाळेला सुट्टी आहे.’’

ते थबकले. तीनदा शिट्टी. शांतता. पुन्हा तीनदा.

आत्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. कठड्याला तिचा पिवळा रुमाल बांधलेला, मांडीवर पुस्तक.

‘‘अगं, दोन गल्ल्यांवर घर आहे! कुणाला विचारायचं तरी!’’

‘‘काय विचारू? पत्ताच आठवेना.’’

‘‘मग?’’

‘‘मग बसले. हरवलं की चालायचं नाही. चालत राहिलं तर शोधणाऱ्याची चुकामूक होते.’’ आणि वर, ‘‘तू उशीर केलास.’’

बाबा तिच्याशेजारी पायरीवर बसले. मग त्यांनी तिच्या मांडीवरचं पुस्तक उचललं आणि पहिल्यांदाच उघडलं.

कुलूप आलं नाही. बाबांच्या गळ्यात शिट्टी आली. तीन शिट्ट्यांना दोन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं, म्हणजे हरवलेल्याला कळतं की आपली शिट्टी कुणीतरी ऐकलीय. हे त्यांना आत्यानं शिकवलं, त्यांनी फुंकताना केलेला फुसका आवाज ऐकून पोट धरून हसत. पुढची दोन वर्षं ती एकटी जात राहिली. चार वेळा हरवली. चारही वेळा जिथल्या तिथे बसून राहिली.

मग छातीत कफ भरला. एका सकाळी तिला स्ट्रेचरवरून खाली आणलं. गाडी तिच्याच इस्पितळाची होती. दारावरचं नाव तिनं सावकाश, अक्षर अक्षर लावत वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. कामाला निघाल्यासारखा. तिनं बाबांची बाही ओढली. ते वाकले.

‘‘चिठ्ठी राहिली बघ. सहा दहा लिही. भाजी घेतली तर साडेसहा.’’