हात खाली आला की फूक बंद

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मला साताऱ्याकडून उचलून नंदुरबारच्या कचेरीत कारकून म्हणून टाकण्यात आलं होतं. तिथल्या लोकांनी माझं काही वाईट केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. ते फक्त गप्प व्हायचे. चहाच्या दुकानात ऐन रंगात आलेली अहिराणी मी बाकावर टेकलो की थांबायची. कुणीतरी शाळेतली मराठी काढून "बसा साहेब" म्हणायचा आणि मग सगळे आपापल्या कपात बघत राहायचे. मी उठून चार पावलं गेलो की मागे पुन्हा हशा. तो मान होता, हे मला कळत होतं. पण मानाने संध्याकाळ सरत नाही.

ट्रंकेत माझं क्लॅरिनेट होतं. माझे काका पलटणीच्या बँडमध्ये होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी मला शिकवलं आणि ते वाद्यही देऊन टाकलं. एका रविवारी मी दार लावून वाजवत बसलो होतो. बाहेर अंगणात कल्हईवाले घरमालकिणीची भांडी घेऊन बसले होते. त्यांच्या भात्याचा आवाज थांबला आणि दारावर थाप पडली. भांड्यांना कल्हई करणारे हे पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ लगीनसराईत बँडमास्तर असतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांचा क्लॅरिनेटवाला सुरतेला गिरणीत गेला होता. येता का, म्हणून त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून बसलो. विचार नंतर केला.

सरकारी नोकराने लग्नाच्या वरातीत वाजवायचं म्हणजे कचेरीचं नाक कापणं. त्यावर मी तोड काढली. बँडची टोपी भुवयांपर्यंत ओढायची आणि मान वर करायची नाही.

तालीम मास्तरांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हायची. शिंपी, रंगारी, सायकलचं पंक्चर काढणारा, असे आम्ही अकरा जण. तिथे माझ्यासाठी कुणी गप्प झालं नाही. दुसऱ्याच दिवशी मी ताल चुकलो आणि ढोलवाल्याने मला आईवरून शिवी दिली. आठ महिन्यांत मला मिळालेली ती पहिली शिवी. त्या आनंदात खानावळीत मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मास्तरांचा नियम एकच होता. "साहेब, मन्हा हात दखा. हात खाले उना का फूक बंद." ज्या घरात वर्षभरात मौत झाली असेल, त्या घरापुढून वरात मुक्याने जायची, असा गावोगाव रिवाज होता. तिथे मास्तरांचा हात खाली यायचा आणि वळण ओलांडल्यावर वर जायचा. त्या हाताकडे न बघणाऱ्याला बँडमध्ये जागा नव्हती. एका ट्रंपेटवाल्याला त्यांनी यावरूनच काढलं होतं आणि तो त्यांचा सख्खा भाचा होता. मी हे पक्कं ध्यानात ठेवलं. मला त्या शेडमधून हाकललं जायचं नव्हतं, दुसरं जायला ठिकाणच नव्हतं.

माझी पहिली वरात रनाळे गावातली. वैशाखाचं ऊन उतरलं होतं, मुहूर्त गोरजाचा. लाल कोटात मी घामाने निथळत होतो. सिनेमाच्या एका गाण्याची सुरावट मास्तरांनी मला एकट्याला उचलायला दिली. मी पहिला सूर लावला आणि घोड्यापुढची पोरं रुमाल फडकवत अशी उसळली की धुळीत नवरदेव दिसेना. कुणी माझ्या तोंडासमोर येऊन नाचत होतं, कुणी ओरडून तेच पुन्हा वाजवायला सांगत होतं. ढोलाचा ठोका मला छातीत लागत होता. इतकी माणसं माझ्याकडे तोंड करून होती आणि कुणीच गप्प नव्हतं. सुखाने माझे डोळे मिटले.

ते उघडले तेव्हा फक्त मीच वाजवत होतो. ढोल थांबला होता, नाच थांबला होता, सगळी वरात माना खाली घालून चालत होती. मास्तरांचा हात केव्हाच खाली आला होता. उजवीकडे एक बंद दार होतं. त्या शांततेत मी एकटाच सात-आठ पावलं वाजवत चाललो होतो.

परतीच्या बैलगाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही. ढोलवाल्याने शिवीसुद्धा दिली नाही. तेव्हा मी खरा घाबरलो.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला माफी मागायला त्याच घरी घेऊन गेले. घरात एकटी बाई होती, साठीची. दिवाळीनंतर तिचा एकुलता एक मुलगा गेला होता. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. तिने ते पुरतं ऐकून घेतलं नाही.

"भाऊ, मन्हा दारजोडे उनात का समदा मुका व्हतस," ती म्हणाली. "काल तू वाजाडं. घरमा कोनी तरी उनं, आसं वाटनं."

तिच्या दाराशी आले की सगळे मुके होतात, आणि काल माझ्या वाजवण्याने तिला घरात कुणीतरी आल्यासारखं वाटलं होतं. चहाचं दुकान, तो बाक, ते कप, सगळं मला तिला सांगायचं होतं. मी नुसते हात जोडले.

 वाटेत मास्तर म्हणाले, "तिन्हं म्हननं खरं शे. पन रिवाज गावना शे, आपला नई." या खेपेला माफ, पुन्हा असं झालं तर घरी बसा, असंही त्यांनी सांगितलं. शेडमध्ये गेल्यावर ढोलवाल्याने मला नेहमीची शिवी दिली आणि माझा जीव भांड्यात पडला.

तीन आठवड्यांनी पुन्हा रनाळ्याची वरात आली, त्याच रस्त्याने. मी या वेळी डोळे मिटले नाहीत. घर जवळ आलं तशी मास्तरांच्या हातावरची नजर मी हलू दिली नाही. हात खाली आला आणि सगळ्यांच्या आधी माझी फूक बंद झाली.

आज दार उघडं होतं. ती डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात उभी होती आणि आमच्या रांगेतला एकेक चेहरा बघत होती. लाल कोटात आम्ही सारे सारखेच दिसत असणार. माझी बोटं भोकांवर तशीच होती, क्लॅरिनेटचं तोंड ओठांत होतं. एक फुंकर पुरली असती.

मी टोपी आणखी खाली ओढली. वळणापलीकडे मास्तरांचा हात वर गेला आणि मी सगळ्यांबरोबर वाजवू लागलो.