लूम थांबल्यावर चंद्रा

आमच्या चाळीत नवा भाडेकरू आला की दुसऱ्याच दिवशी लूमच्या आवाजानं डोकं धरतो. चंद्राचं उलटं. भिंतीपलीकडे कापडाच्या मागांचा कारखाना, मांडणीवरची भांडी थरथरतात, आणि ही नेपाळची बाई त्या खडखडाटात ढाराढूर! मी म्हटलं, "काय गो, कुंभकर्णाची भैन हाय का तू?" हसली आणि कूस बदलली.

लाइट गेली आणि लूम थांबले, की मात्र तिच्या दाराला आतून कडी. दोन हजार पाचचा उन्हाळा, भिवंडीत लाइट रोजच जायची. बया एकटीच काहीतरी चमचमीत खात असणार, असा माझा अंदाज. म्हणून एका दुपारी खिडकीतून डोकावले.

चंद्रा खाटेखाली होती. चार वर्षांची निशा छातीशी आवळलेली आणि आईचा पंजा पोरीच्या नाकातोंडावर. पोर काळीनिळी पडत चाललेली. मी बोंब ठोकली. शेजारच्या नामानं दार फोडून पोर सोडवली.

तिचा नवरा दलबहादूर गोदामावर वॉचमन. तो रडत रडत सांगू लागला, "दिदी, हमारे गाँव में कुत्ते भी चुप हो जाते थे, तब वो लोग आते थे. बंदूक लेके." तिकडे तेव्हा माओवाद्यांची आणि फौजेची लढाई; त्याच्या भावाला त्या बंदूकवाल्यांनी असंच उचलून नेलं. चंद्रा तेव्हा मक्याच्या ढिगात लपली होती, तान्ह्या निशाच्या तोंडावर हात दाबून. तिथून पळाले ते थेट इथे.

"फिर से हुआ तो बच्ची को पूना भेज दूँगा, बहन के पास," तो म्हणाला.

मग चंद्राला ठाण्याला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर निवेदिताबाई म्हणाल्या, "हे वेड नाही. भीती अंगात मुरलीय. शांततेत तिला थोडं थोडं बसवा, दाराला कडी न लावता. सोबत कोणीतरी बोलत राहायचं. ओढाओढ अजिबात नको. गप्पांना आहे का कोणी?"

दलबहादूरनं माझ्याकडे असं बोट केलं, जसा चोरच पकडून दिला.

मग लाइट गेली की मी तिच्या घरात. चंद्रा भिंतीला टेकून घामाघूम, मांडीवर निशा, आणि माझी टकळी चालू. त्या दिवशी आमच्या ह्यांची, केसरीनाथांची गोष्ट रंगात आली होती. "लग्नासाठी केसरीनाथांनी मिशी रंगवली गो, आणि निघाले वज्रेश्वरीला, गरम कुंडात उतरायला..."

बाहेर बूट वाजले. आमच्या चाळीत बूट घालतो कोण? खाड, खाड, खाड... आणि दाराशी थांबले.

चंद्राचे डोळे फिरले. हात उठला, निशाच्या तोंडाकडे निघाला. धरावा तर ओढाओढ होते, न धरावा तर पोर जाते. हात पोरीच्या ओठांपाशी आला... आणि चंद्रानं तो स्वतःच्या तोंडावर गच्च दाबला.

"कोई है? दौलतसेठ का गोदाम किधर?" बाहेरून ट्रकवाल्यानं विचारलं.

"आगे!" निशा मोठ्यानं ओरडली. बूट पुढे गेले.

"मावशी, मिशीचं काय झालं?"

चंद्राचा हात अजून तोंडावरच होता. तिनं मला मान हलवून खुणावलं, सांग.

"मग काय," मी म्हटलं, "कुंडातलं पाणी काळं झालं."