साच्यावरचं लाकूड

आमच्या गावात कुणाची ओळख विचारली तर आधी त्याचं काम सांगतात, मग नाव. ओनोरीनोचं काम म्हणजे कोन. त्याच्या टेबलांचे आणि कपाटांचे सांधे इतके चोख, की त्यात कागदाची कडही सरकायची नाही. पण खुर्ची काही नुसत्या कोनांवर उभी राहत नाही. पाठीला वाक लागतो, आणि इटलीतल्या फ्रिउलीच्या या पट्ट्यात लाकूड वाकवणारे जोडीनेच असतात. ओनोरीनोचा जोडीदार होता त्याचा धाकटा भाऊ, रिनेओ.

बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची जाड पट्टी वाफेच्या पेटीत मऊ करायची, बाहेर काढली की तिच्या पाठीला पोलादी पत्रा लावायचा आणि साच्यावर ओढायची. एका टोकाला एक जण, दुसऱ्या टोकाला दुसरा. श्वास एकदम घ्यायचा, ओढायचंही एकदम. एकाचं जरा मागेपुढे झालं की पट्टी माथ्यावर फाटलीच म्हणून समजा. ओढून बांधली की मग पुरती वाळेपर्यंत तिला बोट लावायचं नाही. घाईने सोडली तर लाकूड मागे उसळतं आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून 'वाळू दे' हे आमच्याकडे पोरं बोलायला लागली की शिकतात. सासू-सुनेचं वाजलं तरी शेजारीण म्हणते, वाळू दे गं.

दोघा भावांचं बिनसलं ते एका हॉटेलवाल्याच्या खुर्च्यांवरून. माल लवकर हवा होता, म्हणून ओनोरीनोने भट्टीत वाळवलेलं लाकूड आणलं. ते कोरडं ठणठणीत, वाफेला दाद देईना. रिनेओ म्हणाला, "हे वाकायचं नाही, फाटेल." ओनोरीनो म्हणाला, "तू ओढ, शहाणपणा शिकवू नकोस." पट्ट्या एकामागून एक फाटल्या. संध्याकाळी ईसिदेच्या खानावळीत हॉटेलवाला सगळ्यांसमोर खवळला, आणि ओनोरीनोच्या तोंडून निघून गेलं, "मी तरी काय करणार? रिनेओचा हात सैल पडतो."

सैल हाताचा म्हणून एकदा नाव झालं की त्या माणसाला आमच्याकडे कुणी दुसरं टोक धरू देत नाही. आपलं खापर धाकट्याच्या डोक्यावर फोडताना ओनोरीनोला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? रिनेओने हातातला पेला खाली ठेवला. भावाकडे बघत म्हणाला, "हो, पडतो सैल." आणि बाहेर गेला. पुढच्या आठवड्यात तो पलीकडच्या गावी शवपेट्यांच्या कारखान्यात लागला. वाकाचं लाकूड पुन्हा त्याच्या हातात आलं नाही.

ओनोरीनोची बायको नॉर्मा मोठी स्पष्ट बाई. ती म्हणाली, "चूक तुमची आहे. जा, दोन शब्द बोलून या."

"आत्ता नको. तापलाय तो. वाळू दे जरा."

आता लाकूड कधी वाळतं ते सुताराला कळतं. माणूस कधी वाळतो? पहिल्या वर्षी ओनोरीनोला वाटलं, अजून ओल असेल. पुढे वाटलं, आता बसत आलंय, उगाच हात लावून बिघडायला नको. दरम्यान त्याने वाकाची कामं घेणंच सोडलं. गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा, "सरळ रेघ टिकते." नॉर्मा वारली तेव्हा रिनेओ आला, टोपी हातात धरून सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि तसाच परत गेला. तेव्हाही ओनोरीनो म्हणाला, ही काय वेळ आहे का बोलायची? मग कुठली वेळ हवी होती या गृहस्थाला, देव जाणे. गावात म्हणायचे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मला नाही तसं वाटत. पीळ केव्हाच गेला होता. माणूस बिचारा आपल्या धंद्याचा नियम पाळत बसला होता, आणि त्या नियमाआड भित्रेपणा लपवत होता.

मग चर्चमधल्या गायकांच्या अर्धगोल बैठकीची पाठ मोडली. ती या दोघांच्या बापाने वाकवलेली. पाद्रीबुवा म्हणाले, "तशीच एकसंध हवी, तुकडे जोडून चालायची नाही." म्हातारा पाद्री बेरकी होता. एवढं जाड लाकूड ओढणारी जोडी एकच, हे त्याला चांगलं माहीत होतं.

ओनोरीनो पलीकडच्या गावी गेला. रिनेओ एका पेटीच्या झाकणाला रंधा मारत होता.

"चर्चची पाठ करायचीय. एकसंध."

"मग कर की."

"दुसरं टोक कोण धरणार?"

रिनेओने रंध्यातल्या ढलप्या झटकल्या. "सैल हाताचा चालेल?"

ओनोरीनोच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण तो म्हणाला, "शनिवारी ये. लाकूड या खेपेला ओलं आणलंय."

शनिवारी रिनेओ आला. पेटीतून पट्टी काढली, दोघांनी टोकं धरली, आणि काय सांगू, इतक्या वर्षांनी दोघांचा श्वास एकदम आत गेला. पट्टी लोण्यासारखी वळली. माथ्यावर केसाएवढीही चीर नाही. बांधून झाल्यावर ओनोरीनोने चीजचं थालीपीठ, मक्याच्या पिठाचा पोलेंता आणि वाइन पुढे ठेवली. रिनेओ हळूहळू जेवला. ताट रिकामं झालं तरी उठेना.

"तुला काही बोलायचं होतं का?" त्याने विचारलं.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही."

ओनोरीनोने साच्याकडे पाहिलं. लाकडातून अजून वाफ निघत होती. आत्ता कुठे भाऊ घरात आलाय, त्याला वाटलं, आत्ताच त्या जुन्या गोष्टीला हात घालायला नको. लाकूड साच्यावरून सोडायला येईल त्या दिवशी त्याला ईसिदेकडे न्यायचं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, सगळं कबूल करायचं.

"काही बोलायचं नाही म्हणतोस?" रिनेओने पुन्हा विचारलं.

"हे वाळू दे. सोडायला येशील तेव्हा बोलू."

रिनेओने टोपी उचलली. "बरं. वाळू दे," म्हणाला, आणि गेला.

ते लाकूड वाळेपर्यंत ओनोरीनोइतका खुशीत माणूस गावात नव्हता. ईसिदेला त्याने मोठं टेबल राखून ठेवायला सांगितलं. कधी नव्हे ते शीळ घालत काम करायचा. लाकूड बसलं तशी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून तो भावाला आणायला गेला. रिनेओच्या दाराला कुलूप होतं. कारखान्याचा मालक म्हणाला, "तो कॅनडाला गेला, लेकीकडे. तुम्हाला सांगितलं नाही? कागद केव्हाचे तयार होते. त्या शनिवारसाठी मुद्दाम थांबला होता."

ओनोरीनो परत आला. एकट्याने दोऱ्या सोडल्या. पाठ जागची हलली नाही. मग तो ईसिदेकडे गेला आणि लेकीचा नंबर मिळवून तिथूनच फोन लावला. खानावळ भरलेली होती.

"उसळलं का?" रिनेओने पलीकडून पहिलं तेच विचारलं.

"नाही. साच्याबरहुकूम बसलंय."

"मग झालं तर."

ओनोरीनोने टोपी काढली. "रिनेओ, तुझा हात सैल नव्हता. लाकूड मी कोरडं आणलं होतं. मी खोटं बोललो, आणि सगळ्यांसमोर बोललो. आत्ताही सगळे ऐकतायत."

पत्ते खेळणारे थांबले. ईसिदेने नळ बंद केला.

"ते मला तेव्हाही माहीत होतं," रिनेओ म्हणाला. "त्या शनिवारी एवढंच बोलला असतास तर तिकीट फाडून टाकलं असतं. दोनदा विचारलं मी तुला."

"मग आता ये परत. माझी चूक झाली रे. ये."

"घर विकलं मी, ओनोरीनो. कुठे येऊ?"