धुक्यातले चार दिवे

माझा साडू कॅनडात असतो. नोव्हेंबर उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे व्हिडिओ सुरू होतात. बर्फाने काचेसारखा झालेला रस्ता, त्यावर आडवी सरकत जाणारी एखादी गाडी, आणि मग साडूचं प्रवचन: वेग निम्मा, अंतर तिप्पट, ब्रेक हळू. शेवटी ठरलेलं वाक्य, "तुमचं बरंय बुवा, तुमच्याकडे हिवाळा म्हणजे पिकनिक." मी अंगठ्याची खूण पाठवतो आणि फोन पालथा ठेवतो. बायको म्हणते, "दोन शब्द लिहीत जा की त्याला." काय लिहू? आमच्याकडे बर्फ पडत नाही हे खरं आहे. आमच्याकडे पहाटे धुकं पडतं, आणि त्याच्याबद्दल बोलायची मला लाज वाटते.

ज्यांनी इथला हिवाळा पाहिलेला नाही त्यांना हे पटत नाही. रात्री वाळवंट गार होतं, समुद्राकडून दमट हवा येते, आणि पहाटे चारच्या सुमाराला एमिरेट्स रोड हा आमचा हमरस्ताच नाहीसा होतो. गाडीचं बॉनेटसुद्धा जेमतेम दिसतं. सरकारचा इशारा येतो तेव्हा घरातले सगळे फोन एकदम किंचाळतात. मी या देशात बावीस वर्षं आहे, शारजात अल मजाजला राहतो आणि जबल अली बंदरातल्या एका गोदामात शिफ्ट सांभाळतो. पण धुक्याचा मला कधी धाक वाटला नाही. मी सावंतवाडीकडचा, आंबोली घाटात गाडी शिकलेला. मामाच्या जीपमध्ये, मामाला शेजारी बसवून शिकलो होतो. मामाचा मंत्र एकच: धुकं आलं की चारी दिवे लाव आणि पुढच्याचे दिवे धरून चल. चारी दिवे म्हणजे दोन्हीकडचे इंडिकेटर एकदम चालू, लुकलुक लुकलुक. घाटात सगळेच तसं करत. वीस-तीसच्या वेगाने, एकामागोमाग, मुकाट्याने. तिथे ते चालून जायचं.

इथे आलो तेव्हा तोच मंत्र बरोबर आणला. आपल्याकडचे बहुतेक जण आणतात. धुक्याच्या पहाटे एमिरेट्स रोडवर बघा, चार दिवे लुकलुकवत धावणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्या आपल्या लोकांच्या असतात. फक्त वेग वीसचा नसतो, ऐंशीचा असतो.

आमच्या कंपनीच्या मिनीबसवर एक ड्रायव्हर होता. माझ्या गावापासून दोन गावं सोडून त्याचं गाव. मीच त्याची शिफारस केली होती, त्यामुळे तो मला भाऊ म्हणायचा, आणि मला ते आवडायचं. सजा नावाच्या भागातल्या कामगारांच्या कॅम्पवरून वीस-बावीस माणसं घेऊन सहाच्या आत गोदामात आणायची, संध्याकाळी परत न्यायची, हे त्याचं काम. मितभाषी आणि सरळ माणूस. दर शुक्रवारी बस स्वतः धुवायचा, कुणी सांगितलेलं नसताना.

एकदा हिवाळ्याच्या तोंडावर कंपनीने ड्रायव्हरांची सेफ्टी मीटिंग घेतली. ती आटोपून तो माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, ते सांगतत, गाडी चलती आसताना चार दिवे लावू नकात. फकत उभी ऱ्हवली तरच लावा. आपण तर लावतो. काय करू?"

मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो, चारचौघांत. "अरे, आपण आंबोलीत वाढलेली माणसं. हे वाळवंटातले लोक आपल्याला धुकं शिकवणार? तू लाव बिनधास्त." तोही हसला. मान डोलावून गेला.

त्यानंतर महिन्याभराने ती पहाट आली. मी लवकर गोदामात पोचलो होतो. समुद्राच्या बाजूला धुकं विरळ होतं. माझ्या खिडकीतून पलीकडची क्रेन स्पष्ट दिसत होती. दारात आठ ट्रेलर खोळंबलेले, रात्रपाळीची माणसं घरी जायला टेकलेली. सव्वापाचला त्याचा फोन आला. बस कॅम्पच्या गेटवरच होती.

"भाऊ, कायच दिसणा नाय. कॅम्प बॉस म्हणता, अर्धो तास थांबूया. काय करू?"

मी खिडकीतून क्रेनकडे बघत म्हणालो, "इथे तर खलास झालंय धुकं. यल्ला, निघ. चारी दिवे लाव आणि पुढच्याचे दिवे धरून ये."

"बरा," एवढंच तो म्हणाला.

तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आला. पुढे चार दिवे लुकलुकणाऱ्या गाड्या होत्या, एक फाट्याला वळली की तो दुसरी धरायचा. मग त्याला एका ट्रेलरचे चार दिवे दिसले आणि त्याने ते धरले. त्या ट्रेलरचा टायर फुटला होता. त्याच्या ड्रायव्हरने नियमाप्रमाणे दिवे लावले होते, कारण तो उभा होता. चालणारे सगळेच दिवे लावून चालत असतील तर उभा कोण हे कसं कळणार? इतकी साधी गोष्ट. मीटिंगमध्ये त्यांनी नेमकी तीच सांगितली होती, आणि मी ती हसण्यावारी नेली होती.

बसमधल्या माणसांचे पट्टे लावलेले होते. ते न लावता तो गाडी हलवतच नसे. एकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकीच्यांना मुका मार. त्याचा मात्र उजवा पाय पत्र्यात सापडला. डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली काढला.

नवव्या दिवशी कंपनीचा सेफ्टी ऑफिसर दवाखान्यात जबाब घ्यायला आला. तो युरोपातला, नवीनच आलेला, त्याला हिंदी येत नव्हतं. ड्रायव्हरला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून तर्जुमा करायला मला नेलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो, म्हणजे जिथे चादर एका बाजूला सपाट होती तिथे. कुठे बघावं तेच कळेना.

ऑफिसरने विचारलं, पुढे चार दिवे दिसले, तरी थांबला का नाहीस? मी मराठीत विचारलं. तो म्हणाला, "माका वाटलां तो चलता. सगळेच लावतत." मी ते इंग्रजीत सांगितलं.

मग ऑफिसरने विचारलं, धुक्यात असं चालवायचं हे तुला कुणी सांगितलं?

मी प्रश्न मराठीत केला. माझ्याच तोंडाने मी त्याला विचारलं, "तुला हे कुणी सांगितलं?" त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "कोणी नाय. गावाकडची सवय."

आणि मी ऑफिसरला इंग्रजीत सांगितलं, "कुणी नाही, ही त्याची गावाकडची सवय आहे." एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. इतका चोख तर्जुमा मी आयुष्यात केला नसेल.

अहवालात चालकाची चूक ठरली. दीड महिन्याने त्याला घरी पाठवलं. विमानतळावर मीच सोडायला गेलो, व्हीलचेअर मीच ढकलली, आणि वाटेत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आता तो गावात पिठाच्या गिरणीवर बसतो. दिवाळीला आणि गणपतीला मी फोन करतो. तो नेहमी विचारतो, चेडू काय म्हणतं? मी सांगतो, लेक मजेत आहे. सात वर्षं आम्ही एवढंच बोलत आलो.

त्याने मला सांभाळून घेतलं, असं मी स्वतःला समजावत आलो होतो. गावचा माणूस, शिफारशीची जाण ठेवली. मी त्याचा ऋणी आहे असं मनातल्या मनात म्हणायचो, आणि तेवढ्यावर माझं भागायचं.

या हिवाळ्यात लेकीला लायसन्स मिळालं. ती इथेच वाढली, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात नुकतीच लागली. माझी गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून सकाळी तिच्या शेजारी बसलो. एमिरेट्स रोडला लागलो आणि पाचव्या मिनिटाला समोरचं सगळं पुसलं गेलं. डावीउजवीकडे लुकलुक सुरू झाली. आणि माझा हात, मी सांगतो, माझ्या नकळत, चारी दिव्यांच्या लाल त्रिकोणी बटणाकडे गेला. सात वर्षं उलटून, तो पाय पाहूनसुद्धा गेला.

तिने हातावर फटका मारला. "बाबा, नो! हॅझर्ड्स मीन यू हॅव स्टॉप्ड." वेग कमी केला, फॉग लाइट लावले, पुढच्या गाडीपासून भरपूर लांब राहिली, आणि पहिल्याच पेट्रोल पंपावर गाडी आत घेऊन बंद केली. ऑफिसला मेसेज केला, उशीर होईल. मग माझ्याकडे वळून अगदी सहज विचारलं, "हू टोल्ड यू टू डू दॅट?"

तोच प्रश्न. मी फोन काढला आणि गिरणीवर लावला.

त्याने उचलला. मागे गिरणीची घरघर होती. मी ना हवापाणी विचारलं ना तब्येत. म्हटलं, "दवाखान्यात तू माझं नाव घेतलं नाहीस. मीही बोललो नाही. चूक माझी होती. मला माफ कर."

घरघर थांबली. त्याने गिरणी बंद केली असावी. मग तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमच्या तोंडार तुमचां नाव कसां घेतलां आसतां? दुसरो कोण आसतो तर सांगलां आसतां. आणि माका इंग्लिश खंय येता? माका वाटलां, तुमी इंग्लिशीत खरां सांगतलात."

मी फोन कानाला घट्ट दाबला.

"अहवालाचो कागद इलो तेव्हा समाजलां," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "थंय धुकां आसा काय आज? चेडू गाडी चलवता? तेका सांगा, घाई करू नको म्हणान." आणि फोन ठेवला.

लेकीला मराठी कळतं, पण आमची मालवणी तिच्या डोक्यावरून जाते. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "बाबा, व्हॉट डिड ही से? व्हाय आर यू क्राइंग?"

ऑफिसात मी त्याच आठवड्यात सगळं लेखी दिलं, त्याचं पुढे काय होईल ते होईल. पण पहिल्यांदा बोललो ते त्या पंपावर, बंद गाडीत. तो काय म्हणाला ते मी तिला इंग्रजीत सांगायला लागलो. आणि त्याच्या कुठल्याही शब्दाच्या आधी, दवाखान्यात माझ्याकडून राहून गेलेलं ते एक वाक्य सांगितलं: "आय टोल्ड हिम टू."